न रडणारे दगडूबा

नाव काठाला लागेपर्यंत दगडूबा तोंड उघडत नसत. गोदावरी फुगलेली असो, नावेत एखादी शेळी बिथरलेली असो, हे आपले बांबू रेटत उभे. एकदा कापडाचा गठ्ठा पाण्यात पडला म्हणून एका मारवाडी शेठजींनी नावेत आकांत मांडला. पलीकडे उतरल्यावर दगडूबा एवढंच म्हणाले, "शेठ, गठ्ठा गेला, तुमी आलात. बराबर झालं."

निजामी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी शहागडला राहायचो आणि मी शिकवायचो ती शाळा नदीपलीकडच्या गावात, त्यामुळे रोज त्यांच्या नावेत बसणं आलंच. मला तेव्हा कादंबरीकार व्हायची भारी हौस. आमच्या वेळच्या कादंबऱ्यांत नायक म्हणजे डोळ्यांतून टिपूस न काढता ओठ मिटून सोसणारा पुरुष. तसा एक मला आयताच सापडला होता.

त्यांची नऊ वर्षांची लेक तापाने गेली. चौथ्या दिवशी दगडूबा नावेवर हजर. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी त्यांच्याकडे बघत बसलो आणि, सांगायला लाज वाटते, मनातल्या मनात प्रकरण लिहू लागलो. नाव लागली की मी तडक शाळेकडे सुटायचो. मागे वळून बघायचं कधी सुचलं नाही.

दोन वर्षांनी कादंबरी छापून आली. नायक नावाडी, आणि लेकीला माती देतानाही त्याचे डोळे कोरडे. 'खरा मर्द रंगवलात,' असं एका वाचकाचं पत्र आलं, तेव्हा मी फुगलोच. ते प्रकरण वाचून दाखवायला दगडूबांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते, त्यांची बायको सीताबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. वाचता वाचता थापण्याचा आवाज थांबला. मान वर केली तर सीताबाई उठून बाहेर गेल्या होत्या आणि तव्यावरची भाकर करपत होती.

दगडूबांनी ती उलटली. मग खाली बघत म्हणाले, "माणूस लई कडक हाये तुमचा. पर मी रडलो व्हतो, गुरुजी. तुमी समदे उतरून गेले का पल्याड बाभळीखाली बसून रडायचो. नावेत नावाडी रडत न्हाई, आमच्यात तसा रिवाजच हाये. उतारू भितेत. आन् घरी आलो का ही रडत असायची, मंग मी कसा रडू? हिला कधी बोललोच न्हाई. आता तर छापून आलं. तुमीच सांगा तिला. तुमचं खरं मानंल ती."

मी बाहेर गेलो. सीताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुस्तकातलं खोटं आहे, मी न बघताच लिहिलं, असं कबूल करून मी त्यांना बाभळीचं सगळं सांगितलं. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "दोन वर्सं मी एकलीच रडून राह्यले, गुरुजी. मला वाटलं, पोरगी माझी एकलीचीच व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गेलो तर सीताबाई नावेत बसलेल्या. एरवी पाण्याला भिणारी बाई ती. दगडूबांनी आम्हा कोणालाच नावेत घेतलं नाही. दोघंच पल्याड गेली आणि बाभळीखाली बसली, एवढं इकडून दिसत होतं. ऊन चढलं तसे उतारू कुरकुरू लागले. एकजण हाक मारायला पुढे झाला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, बसू दे त्यांना.