डबाभर गरम कोथिंबीर

खरं सांगा, तुम्हीही हसलात ना?

गेल्या महिन्यात तुमच्या मोबाइलवर एक फोटो आला असेल. कादंबरीचं छापील पान, त्यातल्या तीन ओळींभोवती लाल गोल. ‘वामननं इडलीच्या ठेल्यावरून डबाभर गरम गरम कोथिंबीर आणली. म्हातारीनं झाकण उघडलं. कोथिंबिरीवर तेल तरंगत होतं.’ खाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे आणि कोणा शहाण्याची ओळ: ‘भाजीवालीनं कादंबरी लिहिली की असं होतं.’

मला तो एका दिवसात नऊ जणांनी पाठवला. आमच्या फेरीवाल्यांच्या संघटनेच्या ग्रुपवरही आला. म्हणजे आपल्याच बाईवर आपलेच लोक दात काढून राहिले होते. त्या नऊ जणांशी फोनवर जे बोललो ते इथं छापता येणार नाही. पण ती बाई कोण आणि ती कोथिंबीर आली कुठून, हे तरी नीट ऐका.

बाईचं नाव मनकर्णा हेडाऊ. वय छप्पन्न. हुडकेश्वर रोडवर, नव्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या, कमानीपाशी तिचं भाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि गोणपाट. सातवीपर्यंत शिकली. आजवर सहा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या पाच छापल्याच नाहीत कोणी. त्या दोनशे पानी वह्यांतच राहिल्या आणि वह्याच आमच्या भागात हातोहात फिरल्या. एका वहीसाठी दोन जावांत असं वाजलं की आठवडाभर दोघींनी चुली वेगळ्या केल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लिहिते दुपारी एक ते चार. त्या वेळेला गिऱ्हाईक नसतं. पालकावर ओलं फडकं टाकायचं, उलट्या टोपलीवर वही ठेवायची आणि सुरू. संध्याकाळी बायका आल्या की मेथी निवडता निवडता गोष्ट सांगायची, ऐन मोक्याला थांबायचं आणि विचारायचं, “सांग वं, कोनं केलं असन?” तीन जणींनी बरोबर ओळखलं की दुसऱ्या दिवशी ते प्रकरण फाडून नव्यानं लिहायचं. तिचा संपादक हाच. पुढं जो खराखुरा संपादक भेटला, त्यापेक्षा हजारपट बरा.

ही खोड आली तिच्या बापाकडून. जागेश्वरबाबा उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. विणून झालं की कापडाची उलटी बाजू पोरांपुढं धरायचे. “धागा कुठी तुटला होता आन् म्या कुठी जोडला, दाखवा.” बाकीची पोरं कंटाळून पळून जायची. मनकर्णा बोटं फिरवत बसायची. तो माग कधीच गेला, घरातलं आता कोणी विणत नाही. पण माणूस बोलायला लागला की ही बाई अजून त्याची उलटी बाजू चाचपते.

दोन वर्षांमागं एक जण तिच्या दुकानापुढं उभा होता. सोबत प्लॉट बघायला आलेली एक मास्तरीण. तो छाती ठोकून सांगत होता, “मॅडम, आम्ही तीन पिढ्यांपासून हुडकेश्वरचेच. ही सगळी जमीन आमच्याच घरची.” मग मनकर्णाबाईकडं वळून म्हणाला, “मावशी, कोथिंबिरीची एक जुडी द्या.”

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची वडी. इडलीसोबत येतो तोही सांबारच. कोणता कुठला, ते आम्हाला बरोबर कळतं. कोथिंबीर म्हणणारे नागपूरकरही आता निघालेत, त्यांच्याशी माझं वेगळं भांडण आहे. पण तीन पिढ्या हुडकेश्वरात मुरलेला माणूस भाजीच्या गोणपाटापुढं उभा राहून कोथिंबीर मागत नाही.

मनकर्णाबाईनं जुडी दिली आणि मास्तरणीला म्हणाली, “बाई, घाई नका करू वं. कागद दोनदा पाहून घ्या.” त्या मास्तरणीनं पुढं काय केलं, माहीत नाही. मनकर्णाबाईनं मात्र दुसऱ्या दिवशी नवी वही आणली.

तीच ही सहावी कादंबरी, ‘उमरेडचा पाहुणा’. सतराव्या वर्षी घरातून पळालेला वामन बावीस वर्षांनी परत येतो. आई म्हातारी, एकटी, घर मोठं. नाक-डोळे जुळतात, लहानपणच्या गोष्टी बरोबर सांगतो. गाव खूश. चौथ्या दिवशी म्हातारी झुणका करते आणि म्हणते, “जाय गा, कोपऱ्यावरून थोडा सांबार आन.” तो म्हणतो, “आई, डबा दे ना.” म्हातारीचा हात तव्यावरच थांबतो. सांबार आणायला डबा? ती गुपचूप डबा देते. तो इडलीच्या ठेल्यावरून गरम सांबार घेऊन येतो. ती वाढून घेते, जेवते आणि त्याला लेकच म्हणत राहते. घरात तोतया बसलाय हे फक्त तिला कळलंय. पुढं ती काय करते हे मी सांगणार नाही, मला मनकर्णाबाईचा मार खायचा नाही.

सांगा, किती साधी गाठ आहे! एका शब्दाची. आणि नेमकी तीच कोणी कापली? पुण्यामुंबईच्या माणसानं नाही हो. सदरमधल्या प्रकाशनानं. आपल्याच नागपुरातल्या.

पुस्तक हातात आलं त्या दिवशी मनकर्णाबाईनं पेढे वाटले. वाचलं नाही, म्हणाली, “मलेच तं माहीत हाय सारं, मी काहून वाचू?” आठ दिवसांनी फोटो फिरला. लेआउटमधला एक साहेब दुकानावर आला, पोरीसारखा खिदळला आणि म्हणाला, “काय मावशी, गरम कोथिंबीर आहे का? तेल तरंगणारी?”

ती त्याला काहीच बोलली नाही. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. या बाईनं महापालिकेच्या गाडीपुढं आडवं पडून तराजू सोडवून घेतलाय. ती गप्प बसते म्हणजे काही तरी मोडलंय.

तीन-चार दिवसांनी मी गेलो तर ती हिरव्या मिरच्या कागदात बांधून देत होती. कागदावर निळं अक्षर. मी पुडी हातात घेतली. ‘प्रकरण तिसरं’ लिहिलेलं.

“काकू, हे काय करून राहिल्या?”

“मिरच्या बांधून राहिली. दिसत नाही तुले?”

“ही नवी वही आहे! सातवी!”

“होती. लोकायले वाचाले नाही, हसाले पाह्यजे. मंग मिरच्याच बांधतो ना गा. काही तं कामी येईन.”

माझं डोकं सटकलं. तिच्यावरही सटकलं, खोटं कशाला बोलू! उरलेली वही ओढून घेतली, तिला मागं बसवलं आणि गाडी काढली ती थेट सदर.

प्रकाशनात चारुशीलाबाई संपादक आहेत. शिकलेल्या, सालस, मराठीसाठी जीव टाकणाऱ्या. नेमकं जेवण चालू होतं. मी पुस्तक त्या पानावर उघडून टेबलावर आपटलं. त्यांनी वाचलं आणि तोंडाला हात लावला.

“अरे देवा. हे झालं कसं?”

झालं ते असं. पहिल्या प्रकरणात कुठंतरी ‘सांबार’ दिसला, बाईंनी समासात ‘कोथिंबीर’ लिहिलं आणि कॉम्प्युटरवाल्या उन्मेषला म्हणाल्या, सगळीकडं बदलून टाक. त्यानं एक बटण दाबलं. जुडीही बदलली, डबाही बदलला. परत वाचलं कोणीच नाही.

“पण भूपेशजी,” बाई म्हणाल्या, “पुस्तक सगळ्या महाराष्ट्रात जातं. बोलीभाषा संवादात ठीक आहे, पण शब्द प्रमाण नको का?”

मी तोंड उघडणार इतक्यात मनकर्णाबाईनं त्यांच्या डब्याकडं बोट दाखवलं. “हे काय खाऊन राहिल्या मॅडम?”

“ही? सांबारवडी.”

तिकडं कॉम्प्युटरमागून उन्मेषचं हसू फुटलं. चारुशीलाबाईंचे कान लाल झाले. हातातली वडी धड तोंडातही जाईना, डब्यातही जाईना.

“खा, खा. जुडी ताजी दिसून राहिली,” मनकर्णाबाई म्हणाली.

मग बाई खरं बोलल्या. “घरी आम्ही सांबारच म्हणतो हो. छापताना वाटतं, लोक काय म्हणतील.”

“मंग म्हटलं ना लोकायनं,” मनकर्णाबाई म्हणाली. “मले म्हटलं. तुमाले कोनी नाही म्हटलं.”

चारुशीलाबाई खरंच ओशाळल्या, हे मी मान्य करतो. म्हणाल्या, पुढच्या छपाईत सांबार परत घालू, फक्त पहिल्या ठिकाणी खाली तळटीप देऊ, ‘सांबार म्हणजे कोथिंबीर’, बाहेरच्या वाचकाला कळायला.

“टीप?” मनकर्णाबाई उठून उभीच राहिली. “आन् माह्या तोतयानं टीप वाचली तं?”

चारुशीलाबाई हसायला लागल्या, मग थांबल्या. पटलं त्यांना. बाहेरचा वाचक त्या तोतयासारखाच फसला पाहिजे, त्यासाठी तर पुस्तक आहे! टीप दिली की पहिल्याच प्रकरणात गाठ उघडी.

शेवटी ठरलं ते असं. शिल्लक प्रतींत चुकलेली पानं कापून नवी चिकटवायची. टीप नाही, शुद्धिपत्रक नाही. चूक प्रकाशनाची आहे, असं बाईंनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. उन्मेषनं तिथंच कॉम्प्युटरपुढं बसून सांबार एकेक करून वाचत परत घातले, बटण न दाबता. मनकर्णाबाई त्याच्या खुर्चीमागं उभी राहून प्रत्येक सांबार बोटानं मोजत होती.

परत येताना गाडीवर म्हणाली, “भूपेश, सातवी लिहून काढतो मी.”

“मग लिहा ना!”

“लिहू कशी? चवदा ते चोवीस पानं मिरच्यायसंगं गेली ना गा. त्याच्यातच तं साराच्या सारा पेच होता. आता मलेच आठवून नाही राहिला.”

दोन आठवडे झाले. रोज दुपारी उलट्या टोपलीवर वही उघडते, तेरा पानं वाचते आणि बंद करते. नवा पेच जुळत नाही. मी म्हटलं, दुसरा काही तरी घाला, तर म्हणाली, “तू जाय बरं इथून.”

म्हणून आता तुम्हाला सांगतो. तो फोटो ज्यानं पाठवला त्याला आज उलट लिहा की चूक लेखिकेची नव्हती, प्रकाशनाची होती आणि तशी सही आहे. एवढं तर कराच. आणि हुडकेश्वर रोडच्या कमानीपाशी गेल्या महिन्यात तुम्ही हिरव्या मिरच्या घेतल्या असतील, तर आत्ता उठा. फ्रिजमध्ये पाहा, ओट्याखाली पाहा, रद्दीत पाहा. निळ्या शाईचा कागद, कोपऱ्यात चौदा ते चोवीसपैकी एखादा आकडा. तेलकट असो, फाटका असो, तिखट लागलेला असो, तो मनकर्णाबाईच्या हातात नेऊन द्या. दुपारी एक ते चारमध्ये जा, ती तिथंच बसलेली असते.