उघाडीवरचे मुकादम

आमचे मुकादम थुंकायचे. पान नाही, तंबाखू नाही, तरी थुंकायचे. लग्नाच्या पंगतीला बसले की आधी पानातलं मीठ बोटावर घ्यायचे, जिभेला लावायचे, आणि वाढपी समोर उभा असतानाच बाजूला थू! "ह्या मिठाचा तळ ठोकलेला हाय. पायानं मळलेला न्हाय." यजमानाचं तोंड उतरायचं. मुकादम मात्र पुढचा भात मागायचे.

मिठागराचा तळ पायांनी मळतात, हे आताच्या शहाण्यांना ठाऊक नाही. पाऊस सरला की आम्ही आठ-दहा गडी ओळीनं उभे राहून काळ्या चिखलात टाचा मारत सरकायचो. दिवसचे दिवस, तळ दगडासारखा होईपर्यंत. मग त्यावर खाडीचं पाणी घेऊन उन्हावर सोडायचं. मुकादम काठावरून ओरडायचे, "नाचू नका, नाच्यांनो! टाच मारा! हितं माझ्या आजाच्या टाचा हायेत." मीठ पांढरं निघायचं ते त्या तळामुळं.

पुढं मालकानं मिठागर सोडलं. लहान आगर परवडत नाही म्हणाला आणि आगरदांडा गावाच्या वरच्या अंगाला सुपारीची वाडी करून बसला. निम्मे गडी मुंबईला पळाले. मी वाडीत शिंपणीला लागलो. मुकादम तेवढे मिठागरात राहिले, बिनपगारी.

खाडीचं पाणी आत-बाहेर करायची जी मोरी, तिला आम्ही उघाडी म्हणतो. पुनवेला आणि अवसेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला बांधाला टेकते. तेव्हा उघाडीला फळ्या लावून चिखलानं लिंपावं लागतं, नाहीतर समुद्र आत शिरून तळ फोडतो. मुकादम एकही उधाण चुकवत नसत. लोक हसायचे. "मुकादम, मालक तर गेला, कोणासाठी राखता?"

"मालक गेला. समुद्र गेलाय काय?"

पावसाळ्यात मात्र ते एकट्याचं काम नव्हे. एकानं फळी रेटून धरायची, दुसऱ्यानं लिंपायचं. मी वाडीतली अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून जायचो. त्याचं बक्षीस काय? "हिऱ्या, गोड पाण्याचा गडी तू! रेट जरा. फळी हाय ती, बायकोचा हात न्हाय."

मिठाचा कायदा मोडायचं वारं आलं तेव्हा मुंबईहून पाच-सहा खादीवाले ओसाड मिठागर बघायला आले. मुकादमांनी त्यांना बांधावरच अडवलं. "वहाणा काढा."

"अहो, पण इथे तर काहीच नाही."

"तळ हाय."

काढल्या बिचाऱ्यांनी. मग खाडीकडेचा चिखल खरवडून, कालवून, उकळून त्यांनी मूठभर काहीतरी केलं आणि जयजयकार केला. मुकादमांनी चिमूट जिभेवर ठेवली. थू! "सरकारनं ह्यांना धरावंच. कायद्यासाठी न्हाय, असलं मीठ केलं म्हणून." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात माझ्याकडं बोट करून ते त्या पाहुण्यांना म्हणाले, "ह्यो पण आमचाच गडी व्हता. आता पोफळींचं पाणी भरतो." परक्यांसमोर. ते मला लागलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी मुकादम वाडीच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. कधी येत नसत. म्हणाले, "उद्या अवस हाय."

मी म्हटलं, "ठाऊक हाय."

'ये' म्हणावं एवढंच मला हवं होतं. एक शब्द. ते उभे राहिले, कुंपणाची काठी हलवून बघितली, "ह्ये पण धड रोवता येत न्हाय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाराला मी वाडीच्या वरच्या टोकाला होतो. तिथून खाडी दिसते. उघाडीवर एकटा माणूस दिसत होता, फळीला पाठ लावून. मी बघत उभा राहिलो. मग तो माणूस बाजूला झाला आणि पाणी आत गेलं.

मुकादम मला एका अक्षरानं बोलले नाहीत. महिन्याभरानं आपणहून घरी जेवायला आले. बायकोनं कालवण-भात वाढला, कोपऱ्यात मीठ ठेवलं आणि घाबरत म्हणाली, "मामा, बाजारचं हाय हां, गोणीतलं." मुकादमांनी बोटावर घेतलं, जिभेला लावलं. मी अंगणाकडं बघत वाट पाहत होतो. ते गिळून म्हणाले, "चांगलं हाय, पोरी."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो. त्यानंतर ते दोन पावसाळे जगले. पुन्हा कधी थुंकले नाहीत. कोणी काहीही वाढो, चांगलं हाय म्हणायचे.

आता मिठागरात तिवरं माजलीत. हौशी मंडळी बघायला येतात, चिखलात बूट रुतवतात, इथं काय होतं म्हणून विचारतात. मी वहाणा काढा म्हणतो, तर हसतात. त्यांच्या डब्यातलं मीठ मी जिभेला लावून बघितलंय. थुंकलो.

ती फळी कुजकी होती. दोघांनी धरली असती तरी टिकली नसती, हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. पण अवसेला बारा वाजता वाडीच्या वरच्या टोकाला मी जात नाही.