टांकसाळीची अक्षरं

मला मुळात थांबता येत नाही. चहा उकळेपर्यंतही मी ओट्यापाशी चुळबुळत असते. अशा मुलीला बाबांनी रोमन नाणी वाचायला बसवलं, ही त्यांची चूक. पण त्यांच्या डोळ्यांचे पडदे गेलेले, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

नाणी त्यांच्या दिवंगत मित्राच्या संग्रहातली. अखेरच्या काळातल्या रोमन सम्राटांची, काशाची, नखाएवढी, दक्षिणेतल्या कुठल्याशा नदीच्या वाळूत सापडलेली. महिनोन्‌महिने शुद्ध पाण्यात भिजवायची, बाभळीच्या काट्यानं माती उकरायची, मग गॅलरीतल्या उन्हात भिंगाखाली धरायची. मागच्या बाजूवर उमटवलेल्या दोन शिपायांच्या मध्ये निशाण एक आहे की दोन, ते मी सांगायचं. त्यावरून काळ ठरतो. सगळ्यात खाली बारीक अक्षरं असतात, त्यांवरून टांकसाळीचं गाव. बाबा ते हाताच्या अंदाजानं त्या नाण्याच्या पाकिटावर लिहायचे, मोठ्या, वाकड्या अक्षरांत.

एक नाणं चार महिने काही बोलेना. "तुला कसली घाई? त्याला नाहीये," बाबा म्हणायचे. मला होती. एका दुपारी ते झोपलेले असताना मी त्याला चिंच-मीठ लावलं, देवघरातल्या ताम्हणाला लावतो तसं. पाच मिनिटांत लख्ख झालं. अक्षरं वरच्या हिरव्या थरातच होती, ती थरासकट गेली.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "खालचं काही लागतंय का गं?"

"अँटिऑक," मी तोंडाला आलं ते गाव सांगितलं, आणि नाणं झटकन पाकिटात घातलं.

किती खूश झाले! रविवारी नाणीवाल्या मित्रांना दाखवतो म्हणाले. पुढचे चार दिवस ऑफिसात माझं एका जागी बूड टेकेना. रविवारी कुणीतरी भिंगातून बघणारच. शनिवारी सकाळी शेवटी मी बोलले, "बाबा, ते अँटिऑक मी ठोकून दिलं. चिंचेनं घासलंय मी ते."

त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. "सतराशे वर्षं टिकलं. आपल्याकडे चार महिने."

मला हसू आलं. सुटले, असं वाटलं. मग ते म्हणाले, "वाचता येत नाही, एवढंच सांगायचं असतं अगं. त्यात लाज नसते. आता बाकीच्या पाकिटांवरचं मी काय खरं धरू?"

"बाकीचं सगळं खरं आहे," मी म्हटलं. होतंही. पण माझ्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

बाबांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं. पहिलं पाकीट उघडून नाणं डोळ्याजवळ नेलं. त्यांना काही दिसत नव्हतं. तरी ते बघत राहिले.