आईपेक्षा चांगलं भरीत
वांगी भाजल्याचा वास आला की मला शहाद्यातली एक खानावळ आठवते. आई नुकतीच गेली होती. वडिलांना आणि मला स्वयंपाक जमत नव्हता, म्हणून रोज दुपारी आम्ही गावात नवीन खानावळ शोधायचो. कुठे शेवभाजी नुसतीच तिखट, कुठे भाकरी कच्ची. वडील दोन घास खाऊन उठायचे. त्या दिवशी बसस्टँडमागच्या गल्लीत एका बाईने कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत वाढलं. वडिलांनी भाकरी संपवून दुसरी मागितली आणि बोटं चाटत म्हणाले, "तुन्ही मायना भरीतपेक्षा बी भारी शे रे." मलाही तसंच वाटत होतं, मी पटकन "हो" म्हणालो. मग त्यांचा हात ताटातच थांबला. "आसं बोलाले नको व्हतं," ते हळूच म्हणाले. मी हातातला घास ताटात परत ठेवला. बाईने विचारलं, "काय झायं आप्पा, तिखट शे का?" त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. आम्ही पुन्हा तिथे गेलो नाही. मी घरीच भरीत करायला शिकलो. आजही ते आईच्या भरताइतकं चांगलं होत नाही, आणि त्याचंच मला बरं वाटतं.