उलटी निघालेली मिरवणूक

कोल्हापूरहून शिरोळकडे जाणाऱ्या एसटीतून मी फाट्यावर उतरलो, तर समोर ट्रॅक्टर, हलगी आणि निम्मं गाव उभं. हे सगळे माझ्याच स्वागताला आलेत अशी माझी दोन मिनिटं पक्की समजूत होती. मी केससुद्धा सारखे केले.

"पावणं, सरका की जरा," एका फेटेवाल्यानं मला बाजूला केलं. "रिव्हर्स घ्यायचाय."

मी आलो होतो वैशालीवर लिहायला. ही पोलीस शिपाई; नौकानयनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक घेऊन नुकतीच गावी परतलेली. तिची सुरुवात महापुरातली. गावात होडी एकच, म्हणून ती शेजाऱ्यांना काहिलीतून (गूळ शिजवायच्या अवाढव्य कढईतून) बाहेर काढायची.

"काहील फुडं जातच न्हाय, नुसती गरगर फिरती," ती मला म्हणाली. "ती सरळ न्यायला शिकले, मग बोटीचं काय अवघड न्हाय वाटलं."

पुढे पोलीस भरती, पुण्यात सराव आणि पदक. पण तिचे वडील, आप्पा, तीन वर्षं तिच्याशी बोलत नव्हते. कारण ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तिच्या शर्यतीत पाठ पुढे करून वल्हवतात. आप्पा म्हणाले होते, "जायचं तिकडं पाठ? ही कसली शर्यत?" पोरीनं सुनावलं, "तुमी ट्रॉली उलटी चालवून ढाल आणताय, ती कसली?" आप्पा ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स स्पर्धेत पंचक्रोशीत अजिंक्य. तेव्हापासून अबोला. त्यांनी आपली एक तरी शर्यत बघावी, एवढंच तिला हवं होतं.

गावानं ठरवलं होतं, पोरगी उलटी बसून जिंकली, तर मिरवणूकही उलटीच काढायची! देवळापर्यंत ट्रॉली रिव्हर्समध्ये नेणारा माणूस एकच. आप्पांनी ट्रॉलीकडे बघून होकार दिला, मुलीकडे नाही.

ट्रॉलीत काहील, काहिलीत हार घातलेली वैशाली, तोंड ट्रॅक्टरकडे. आप्पांची मान मागे वळलेली. त्यामुळे बापलेक समोरासमोर. मीही ट्रॉलीतच कडेला फळी धरून उभा.

तिच्या पाठीशी भलाथोरला फ्लेक्स होता. त्यावर तीन पुढारी परातीएवढे आणि कोपऱ्यात वैशाली बटणाएवढी. शंभरेक पावलांवर आप्पांना कळलं, फ्लेक्सपलीकडचा रस्ता दिसतच नाही. काढावा, तर त्यावरचे तिघे समोर नाचत होते.

ट्रॅक्टर थांबला. हलगी थांबली. आप्पांनी घसा खाकरला.

"मागं काय हाय गं?"

वैशाली वळली. फ्लेक्सच्या कडेनं मान काढून तिनं बघितलं. "म्हस बसलीया, आप्पा. डावीकडं घ्या."

"कुणाच्या डावीकडं?"

"ओढ्याकडं!"

तिथून देवळापर्यंत ती सांगत गेली आणि ते नेत गेले. माझे डोळे भरून आले. कडेला एका खांबाला मडगार्ड घासलं, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

जेवायला तांबडा रस्सा होता. वाटीत बघतच आप्पांनी विचारलं, "पाण्यावर मागचं कोण सांगतंय तुला?"

"कोणच न्हाय. एकटीच असते."

त्यांनी भाकरी मोडली. "फुडच्या येळंला मी येतो. काठावनं सांगतो की."

वैशाली फाट्यावर सोडायला आली तेव्हा लक्षात आलं, पदकाबद्दल तिला धड काही विचारलंच नव्हतं. एसटी दिसली आणि घाईत विचारलं ते भलतंच.

"एवढ्या लांबून त्यांचा आवाज येईल तुला?"

"एक अक्षर न्हाय."

"मग सांग की त्यांना."

"कशाला सांगू?" ती म्हणाली. "येऊ देत की."