माझं जॅकेट वर जाऊन आलं

परभणी शहरात चढ असा नाहीच. रेल्वेवरचा उड्डाणपूल, तोच आमचा घाट. अन्नपूर्णा बेस कॅम्पला जायचं ठरल्यावर तीन महिने मी रोज सकाळी पाठीला सॅक लावून त्या पुलावर चढ-उतार केली. सॅकमध्ये शब्दकोशांचे जाड खंड भरलेले असायचे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे वजनाला तोटा नव्हता. ओळखीचे लोक गाडी हळू करून विचारायचे, "मॅडम, सोडू का स्टँडवर?"

जाणार होतो आम्ही नवरा-बायको दोघं, पुण्याच्या एका गटाबरोबर. निघायला आठ दिवस राहिले असताना आमचे हे पंखा पुसायला स्टुलावर चढले आणि उतरताना गुडघा मुरगळून बसले. एक जागा रिकामी झाली. ती भावाला द्यावी म्हणून ह्यांनी गावाकडे, झरीला त्याच्या घरी फोन लावला. तो उचलला माझ्या थोरल्या जावेनं. मी त्यांना अक्का म्हणते. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, सगळं आयुष्य शेतात गेलेलं. मी फोन घेतला आणि त्यांनाच विचारलं, येता का.

"आगं, मी कशाला?" अक्का मला म्हणाल्या. "मला काय येतंय त्यातलं?"

"यायचं काही नसतं अक्का. चालायचं असतं."

"किती?"

"आठ-नऊ दिवस."

"चालायचंच हाय तर मग. ज्वारी निघाली, रानात आता काई न्हाई. येते."

नेपाळला जायला मतदान कार्ड पुरतं, ते त्यांच्याकडे होतंच. निघायच्या आदल्या दिवशी परभणीत त्यांना नवे बूट घेतले. माझे बूट तीन महिने पायात मुरवलेले. मी त्यांना म्हटलं, नवे बूट चावतात, फोड येतात, काळजी घ्या. त्या मान हलवत ऐकत राहिल्या. फोड आले ते मला.

चौदाजणांच्या गटात साडी नेसलेल्या त्या एकट्याच. साडीच्या आत माझ्या मुलाची ट्रॅकपँट. पहिल्या दिवशी पुण्याच्या मंडळींनी त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू. गटप्रमुखाला बाजूला घेऊन मी म्हणाले, "त्यांना सवय नाही. मागे पडल्या तर मी त्यांच्याबरोबर थांबेन." तिसऱ्या दिवसापासून वळणावळणावर अक्का दगडावर बसून माझी वाट पाहत होत्या.

त्या वाटेवर एका गावाआधी दगडी पायऱ्या लागतात. संपतच नाहीत. मी दर वीस पायऱ्यांना थांबून घड्याळात हृदयाचे ठोके बघत होते. अक्का वरून ओरडल्या, "एवढ्या पायऱ्या बांधल्या आन् वर देऊळच न्हाई?"

"देऊळ नाही, बर्फाचे डोंगर आहेत."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

त्याच पायऱ्यांवर एक म्हातारी गवताचा मोठा भारा घेऊन चालली होती. भाऱ्याचा पट्टा कपाळावर. अक्कांनी तिला खुणेनं थांबवलं, पट्टा आपल्या कपाळावर घेऊन पाहिला आणि दहा पायऱ्या चढूनही आल्या. मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या, एक नेपाळीत आणि एक आमच्या भाषेत. मला गाठल्यावर अक्का म्हणाल्या, "आपन डोक्यावर घेताव, ह्ये कपाळावर घेत्यात. मान दुखती म्हन्ली बिचारी." हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

आमचं घर शिवभक्तांचं. अक्कांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज सकाळी लॉजच्या ओसरीवर बसून, डाव्या तळहातावर ते घेऊन त्या पूजा करायच्या. पाणी बर्फासारखं असलं तरी आंघोळ चुकायची नाही. मीही त्याच घरातली. माझं इष्टलिंग परभणीला देव्हाऱ्यात ठेवून आले होते, वजन कमी ठेवा अशी गटाची सूचना होती म्हणून. पुण्याच्या एका काकांनी त्यांना भक्तिभावानं विचारलं, "हिमालयात शंकराचा वास आहे, असं जाणवतंय ना तुम्हाला?"

"द्येव तर माझ्या गळ्यात हाय," अक्का म्हणाल्या. "मी डोंगर बघाय आलेय."

त्या वाटेवर बेस कॅम्प दोन आहेत. आधी माछापुच्छ्रे नावाच्या शिखराचा लागतो, तिथून दोनेक तास वर अन्नपूर्णेचा. पहिल्या कॅम्पवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. माझं डोकं ठणकत होतं. चहा घेतला, तो उलटून पडला. वाटाड्यानं डोळे बघितले, चार पावलं सरळ चालायला लावलं आणि हिंदीत शांतपणे सांगितलं, "दीदी, आपका ट्रेक यहाँ तक." मी त्याला तीन महिन्यांच्या सरावाबद्दल, उड्डाणपुलाबद्दलही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला सूप आणून दिलं.

सकाळी बाकीचे निघाले. अक्का म्हणाल्या, "मी बी थांबते. तुझं डोकं चेपते."

"नाही. तुम्ही जायचंच," मी म्हणाले आणि माझं जाड लाल जॅकेट, टोपी आणि गॉगल त्यांना चढवला. सगळ्यांना वाटलं, काय मन आहे बाईचं! त्यांची शाल वर पुरली नसती हे खरंच होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की निदान माझं जॅकेट तरी वर जावं.

त्या वर गेल्या, दुपारपर्यंत परतही आल्या. "कसं होतं?" मी विचारलं. "चांगलं व्हतं. तू जेवलीस का?" एवढंच.

दोन दिवसांनी खाली फोनला रेंज आली आणि माझ्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. गटप्रमुखानं वरच्या पाटीजवळचा अक्कांचा फोटो सगळ्यांच्या घरी पाठवला होता. लाल जॅकेट, टोपी, गॉगल. साडीचा काठ बर्फात बुडालेला. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेल्या नवऱ्यानं तो माझा समजून परभणीभर फिरवला होता. मी कॉलेजच्या ग्रुपवर लिहायला घेतलं, 'हा फोटो अक्कांचा आहे.' तेवढ्यात रेंज गेली. परत आली तोवर प्राचार्यांनी लिहिलं होतं, 'संस्थेची मान उंचावली.' मग मी लिहिलं, 'धन्यवाद.'

घरी आल्यावर ह्यांना खरं सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बॅनर लागलाय गं."

कॉलेजात शाल-श्रीफळ झालं. भाषणात मी म्हणाले, "आम्ही बेस कॅम्पपर्यंत पोचलो." त्यात एक शब्द खोटा नव्हता. ग्रंथपालाला शब्द जपून वापरता येतात.

पण पुढच्या महिन्यात झरीच्या शाळेनं बोलावलं. पहिल्याच रांगेत खुर्चीवर अक्का, मांडीवर पिशवी. मी तयारी, आहार, थंडी यांवर बोलले. शेवटी सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, वर गेल्यावर तुमाला कसं वाटलं?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या, मला अडचण नको म्हणून.

"मी वर गेले नाही," मी म्हणाले. "मला खालीच उलट्या झाल्या. फोटोत आहेत त्या ह्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना विचार."

पोरी हसल्या. अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "गार लय व्हतं." पोरी आणखी हसल्या. आभार मानताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, एवढं यश मिळवूनही सगळं श्रेय घरच्या वडीलधाऱ्यांना देणारा असा विनय आज दुर्मीळ आहे. टाळ्या वाजल्या. मी आणखी काही सांगणार होते, पण राष्ट्रगीत सुरू झालं.

शाळेतून अक्कांच्या घरी चालत निघालो. "कशाला सांगायलीस लोकास्नी?" अक्का म्हणाल्या. "फोटुत तोंड तरी कुठं दिसायलंय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा?" थोडं चालल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या. "वर सगळी फोटु काढायली. मी बाजूला दगडावर बसले. लय येळ बसले. कुनी हाक मारली न्हाई बघ. चा कर, पानी दे, वैरन टाक, काईच न्हाई. मला आधी वाटलं, कान बसले का काय गारठ्यानं."

त्या हसल्या. तीन महिने पूल चढून मी जे आणायला गेले होते, ते ह्या बाईनं आणलं होतं, आणि महिनाभर कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलंही नव्हतं. मीसुद्धा नीट विचारलं नव्हतं.

घर आलं. भावजी ओसरीवर बसले होते. "आलाव का? चा टाका," ते म्हणाले.

"तुम्ही बसा अक्का," मी म्हणाले आणि आत गेले. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला. चहा पाणचट झाला, असं दोघांचंही मत पडलं.