कान्ह्याच्या माळावर आलेला सारवणाचा वास

भूतखेत, आत्मे, संकेत... यातलं मी काहीच मानत नाही. जमीन खोदून हाती लागेल तेवढंच खरं, हे माझं शिक्षण आणि स्वभावही. तरी हे लिहितेय.

मी पुरातत्त्वाची संशोधक. गेल्या एप्रिलमध्ये कान्हे स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर एका माळावर आमचं उत्खनन चालू होतं. शिकार आणि कंदमुळांवर जगत फिरणारी माणसं इथे पहिल्यांदा घर करून राहिली, असा माझा दावा. पण दोन महिन्यांत मिळाली ती नुसती दगडाची बारीक पाती — फिरस्त्यांचीच. "उद्या गुंडाळू या," उत्खननाचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. माझी चार वर्षं पाण्यात!

शेवटचा दिवस. दुपारचे बारा, रखरखीत ऊन... आणि अचानक वास आला. नुकतीच शेणानं जमीन सारवल्यावर येतो ना, ओला, गार — तसा. उन्हानं भास होतोय, असं समजून मी काम चालू ठेवलं. तेवढ्यात शेजारी माती चाळणाऱ्या गावातल्या सिंधुमावशी थांबल्या.

"ताई, कुनी सारवलंय का वो हितं?"

अंगावर काटाच आला. "तुम्हालाही येतोय वास?"

"व्हय की! पर घर कुटंय? गुरं बी न्हाईत."

वासामागे दोघी चालत गेलो. वीसेक पावलांवर, करवंदीच्या जाळीपाशी तो सर्वांत दाट होता. सरांना काहीच वास येत नव्हता, पण माझा चेहरा बघून म्हणाले, "खणा. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

हातभर खाली गेल्यावर मावशींची खुरपी अडली. "ताई, ही माती चोपलीया!"

ब्रश फिरवला... गुळगुळीत जमीन! मग चूल. खांब रोवल्याच्या गोल खुणा. कोपऱ्यात आतून लिंपलेला खड्डा, तळाशी जळून कोळसा झालेले दाणे. साठवलेलं धान्य — म्हणजे ही माणसं इथे थांबणार होती!

"घर आहे हे! घर!" सर ओरडले. मावशी आणि मी मातीच्या हातांनी मिठी मारून अक्षरशः नाचलो.

या हंगामात शेजारीच आणखी दोन घरं सापडली. माझ्या दाव्याला हसणारेही येऊन, वाकून बघून गेले.

त्या जमिनीला मी नाक लावून पाहिलंय. कोरडी माती, बस्स. अहवालात 'जागा कशावरून निवडली?' या प्रश्नापुढे सरांनी लिहिलं — निरीक्षणावरून. कसलं निरीक्षण, ते अजून आम्हा कुणालाच सांगता आलेलं नाही.